शिवाण्णाचा जार

टूरला निघताना गाडीत आधी शिवाण्णाचा जार बसतो, मग आम्ही बसतो. लग्नाच्या मांडवात असतो तसला निळा, पाण्यानं काठोकाठ भरलेला. मागच्या सीटवर खिडकीची जागा त्याची. मी शिवाण्णाचा शाळेपासूनचा मित्र, पण पुढच्या सीटवर सामान, म्हणून मला मागची मधली जागा, तीही गुडघे पोटाशी घेऊन.

"पानी बदललं की पोट बिघडतंय बाबा." हे त्याचं पालुपद. कुठल्याही गावात, कुणीही तांब्या पुढं केला की हात छातीशी नेऊन तो हेच म्हणतो. मांजरेच्या काठच्या एका गावात एका म्हातारीनं मायेनं ताक दिलं. तिलाही हेच.

"ताकात कसलं पानी रं?" म्हातारी म्हणाली.

"ताकातबी तुमच्याच गावचं की, अक्का."

म्हातारीनं त्याचा पेला मला दिला. या मैत्रीतून मला झालेला तेवढा एकच फायदा.

बरं, पोट खरंच नाजूक म्हणावं, तर तसंही नाही. बीदरच्या कोळार भागात तो एका गोदामावर स्टोअरकीपर आहे. तिथं टँकरच्या नळाला तोंड लावून पितो. आमचा तिसरा मित्र गौतम, ज्याची गाडी आणि ज्याची जीभ आम्ही दोघं वर्षानुवर्षं सहन करत आलो, त्याच्या घरी भीमजयंतीला पोटभर जेवतो आणि वर तांब्याभर पाणी रिचवतो. बीदरची वेस ओलांडली की मात्र हे पोट एकदम खानदानी होतं.

दुसरं वेड सीलचं. गोदामात आलेला डबा तो कानाशी धरून उघडतो. "सील तुटताना बोलतंय. न बोलता उघडलं तर माल वापस." आयुष्यभर हेच केल्यामुळं त्याचा कान सुटीवरही कामावरच असतो. या वेळी हुमनाबादच्या हॉटेलात गौतमनं पाण्याची बाटली मागवली, तर शिवाण्णानं ती हिसकावून घेतली, टोपण फिरवलं आणि बाटली मालकापुढं आदळली.

"हे बोललं न्हाई! नळाचं भरून इकायलास काय?"

मालक कानडीत तापला. शिवाण्णा कानडी, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही भाषांत तापला. आमचा चहा तेवढा गार झाला. शेवटी दुसरी बाटली मिळाली. ती गौतम प्यायला, आणि शिवाण्णा जारचंच प्यायला.

टूर दरवर्षीची आणि रस्ताही दरवर्षी तोच. चिंचोळीचे डोंगर, तिथल्या दऱ्या, मग खाली उतरून भीमेच्या काठची गावं. "अफजलपूरकडं आलोच हाव तर सविताला बघून जाऊ," असं शिवाण्णा दर वेळी आत्ताच सुचल्यासारखं म्हणतो. सविता ही त्याची एकुलती लेक. भीमेकाठच्या एका ऊसवाल्या घरात दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही.

या वर्षी चिंचोळीच्या घाटात गौतमनं वळण जरा जोरात घेतलं, जार आडवा झाला, टोपण उडालं आणि सगळं पाणी आमच्या बुटांत गेलं. मी गाडी थांबवायला लावली. खाली दरी, पलीकडं झाडीनं भरलेला डोंगर, वर ढग. शिवाण्णानं तिकडं ढुंकून पाहिलं नाही. रिकामा जार मांडीवर घेऊन तो दगडावर बसून राहिला.

"खाली झरा दिसायलाय. घेऊ की भरून," गौतम म्हणाला.

"घरचं पायजे."

"कामून? टँकरचं चालतंय, माझ्या घरचं चालतंय. पोटाचं नाटक बास कर आता."

मग शिवाण्णा बोलला. आमच्याकडं एक रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. बहुतेकांनी ती कधीच गुंडाळून ठेवली. शिवाण्णानं पाळली. एकदा विहीणबाई चार बायकांत म्हणाल्या, सुनेच्या बापाला आमच्या घरचं पाणी अजून चालत नाही, आणि का चालत नाही ते गावाला ठाऊक आहे. ते त्याच्या कानावर पडलं.

"तवापास्नं बीदरच्या भाईर कुणाकडंच पीत न्हाई. सगळ्या गावांत न्हाई म्हनलो तर तिच्या एकटीच्या दारात न्हाई म्हनल्यासारखं व्हत न्हाई ना. लोक म्हनत्यात, म्हातारा सर्किट हाय. म्हनू दे."

गौतमचा आवाज चढला. "माझ्या घरचं पितोस आणि पोटच्या पोरीचं चालत न्हाई? त्या रीतीला आग लाव की!"

"आता कसं लावू? इतके वरीस न्हाई पिलो. आज पिलो तर पोरीला वाटंल, बापानंबी आशा सोडली."

मला त्याचा राग आला. रीतीचा आला, विहीणबाईंचा आला, पण सगळ्यात जास्त त्याचाच आला. घोटभर पाण्यासाठी असला डोंगर उभा करून ठेवायचा आणि मग जार घेऊन त्याला वळसा घालत फिरायचं.

दुपारच्या रखरखत्या उन्हात आम्ही सविताच्या दारात पोचलो. शिवाण्णाचे ओठ सुकले होते. विहीणबाई ओसरीवरच होत्या. त्यांची नजर आधी आमच्या हातांवर गेली.

"जार दिसंना आज?"

"सांडला."

"मग आज पेत्याल की आमच्या घरचं," त्या हसून म्हणाल्या. हसणं काही बरं नव्हतं.

शिवाण्णाचा हात छातीकडं निघालाच होता. तेवढ्यात सविता बाहेर आली. हातात दुकानात मिळते तसली पाण्याची बाटली.

"अप्पांचं पोट बिघडतंय," ती सासूकडं न बघता म्हणाली. "म्हनून दरवर्षी एक आणून ठेवते."

तिनं टोपण फिरवलं. मी शिवाण्णाच्या शेजारीच होतो. टोपण गुमान फिरलं. कट्ट असा आवाज आला नाही.

शिवाण्णाची मान सवयीनं बाटलीकडं कलली होती. ती तशीच राहिली. सविता त्याच्याकडं रोखून बघत होती. विहीणबाई दोघांकडं बघत होत्या. मला हुमनाबादचा मालक आठवला.

शिवाण्णानं बाटली घेतली आणि तोंडाला लावली. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं तरी थांबला नाही. संपवली.

"सीलबंद पानी ब्येस असतंय," तो ओसरीभर ऐकू जाईल असं म्हणाला.

"व्हय अप्पा," सविता म्हणाली आणि रिकामी बाटली घेऊन आत गेली. चहा घेऊन दुसरंच कुणीतरी आलं. तो त्यानं नेहमीसारखा नाकारला.

परतताना भीमेचा पूल लागला. मग मला राहवलं नाही.

"शिवाण्णा, ते सील..."

"बोललं की! तुला ऐकू आलं न्हाई व्हय? कान गेले तुझे."

रिकामा जार मांडीवर घेऊन तो खिडकीबाहेर बघत होता. पूल मागं पडल्यावर हळूच म्हणाला, "गोड हाय रे तिच्या बोरचं पानी."

गौतमनं आरशातून मागं पाहिलं.

"पोरीनंच सोडली रे आशा," शिवाण्णा म्हणाला. "मी एकटा धरून काय करू?"