वेंधळ्याची व्याख्या

माझ्या मांडीवर गरम चहा सांडला तेव्हा शेजारच्या नानांनी मला फडकं दिलं नाही, व्याख्या दिली.

"सांडला म्हणून तू वेंधळा नाहीस," मी अंगणात नाचत असताना ते शांतपणे म्हणाले. "सांडतं कोणाच्याही हातून. सांडल्यावर चारचौघांत हात कुठे ठेवावेत हे ज्याला कळत नाही, तो वेंधळा. आता तू आहेस."

नाना अमळनेरला मराठीचे मास्तर होते. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण त्यांची शाळा सुटलेली नाही. धुळ्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या हातून हार पडला, तर हा माणूस थेट स्टेजवर चढला! धांदरट आणि वेंधळा यांतला फरक सांगून खाली उतरेपर्यंत पंगत खोळंबली. त्यांना घेऊन गेलो होतो मी. परत येताना एसटीत मी त्यांच्याशेजारी बसलो नाही.

म्हणून यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझं सगळं लक्ष नानांवर होतं. माझी नवी सून पुण्याची, आणि हट्टाने पुरणाचे मांडे करायला बसलेली. अंगणात चूल, चुलीवर पालथं मातीचं खापर, भोवती माझ्या सगळ्या बहिणी आणि दारापाशी खाटेवर नाना. पहिला मांडा तिने हातांवर छान वाढवला, पण खापरावर टाकताना कोपर लागलं. खापर घसरलं आणि फुटलं. ऐन सणाला! पोरगी पिठाचे हात तसेच हवेत धरून उभी. नाना उठले. आता व्याख्या येणार!

चिडले तरी प्रमाण मराठीच बोलणारा हा माणूस एकदम अहिराणीत म्हणाला, "मना पाय लागना."

चूल आणि नानांचा पाय यांच्यात दहा फुटांचं अंगण होतं. तरी बहिणींनी मग नानांनाच फैलावर घेतलं आणि त्यांनी ते मुकाट ऐकून घेतलं.

त्यांना घरी सोडताना मी वैतागून विचारलं, "खोटं कशाला बोललात?"

"आमच्या हिच्या हातूनही पहिल्या आखाजीला असंच खापर फुटलं होतं," कुलूप उघडत ते म्हणाले. "मी सगळ्यांदेखत 'वेंधळी' या शब्दाचा अर्थ सांगितला. लोक खूप हसले. त्यानंतर मरेपर्यंत तिने मांडा केला नाही."

मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नाना दारात हजर, छातीशी नवं खापर धरून. सुनेला म्हणाले, "बेटा, चूल पेटव. मांडा फाटना तरी चाली. माले फाटेलच दे."