गुडघ्यापाशीचा ठिपका

किन्हीकर काका वांगंसुद्धा उन्हापुढे धरून घ्यायचे. पनागरची भाजीवाली पाटी उतरवायची, काका एकेक वांगं उचलून सूर्याकडे धरायचे आणि डावा डोळा मिटून बघायचे. ती वैतागायची, "बाबूजी, भटा है, फोटू नहीं!" काका म्हणायचे, "अम्मा, भीतर का हाल कोई नहीं बताता."

ते नेपियर टाउनच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचे आणि आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. कोणाच्या शब्दावर विश्वास म्हणून नाही. त्यांनी किती वाजले विचारलं आणि कोणी सांगितलं, तरी त्याचं मनगट धरून घड्याळ स्वतः बघणार. "आधी दाखवा, मग बोला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

लढाई लागली तेव्हा खिडक्या काळ्या करायचा हुकूम आला. काकांनी काचांना दवाखान्यातल्या जुन्या फिल्मा चिकटवल्या. दिवा लागला की रस्त्यावरून कोणाच्या फासळ्या, कोणाचा जबडा उजळलेला दिसायचा. पहाऱ्यावरचा माणूस दार वाजवून म्हणाला, "किन्हीकर जी, विमान आने से पहले मोहल्ला डर जाएगा." किन्हीकर विमानांना खुणा करून राहिला, असं लोक बोलू लागले. मलाही तसंच वाटे. त्यांच्या दारावरून मी पदर ओढून जायची.

त्या वर्षी घरातल्या घरात संशय माझ्यावरही होता.

माझे यजमान फौजेच्या गाड्यांच्या कारखान्यात फिटर. आषाढ लागताच त्यांना सरहद्दीकडे गाड्या दुरुस्त करायला पाठवलं. फाल्गुन सरत आला तरी रजा मिळाली नव्हती. मला दिवस गेले ते ज्येष्ठात, ते घरी असताना. पण माझं पोट लहान. सासूबाईंनी एकदा शेजारणीचं नवव्यातलं पोट पाहिलं, मग माझं पाहिलं आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या.

"हा तर सातवा दिसते."

सातवा म्हणजे भाद्रपदातलं. भाद्रपदात आमच्या घरी पुरुष नव्हता.

त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पाडवा झाला की तुला माहेरी सोडतो. न्यायला कोणी येणार नाही."

बाळाची वाढ बरोबर आहे ना, हे बघायला डॉक्टरीणबाईंनी पोटाचा एक्स-रे फोटो काढायला सांगितला. सासूबाई लगेच तयार झाल्या. मला माझी खात्री होती, फोटो काढणाऱ्या काकांची नव्हती.

दवाखान्यात सासूबाईंनी तोंड उघडलं, "भाऊजी, माझा लेक गेला तो..."

काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "वहिनी, महिना सांगू नका. सूनबाई, तूही नको. ऐकलं की मग मला तेच दिसते."

फिल्म ओली होती तशीच चिमट्यात धरून त्यांनी उजेडापुढे नेली. बाळाचा कणा माशाच्या काट्यासारखा दिसत होता. काका बोलेचनात.

"काहून चूप झाले?" सासूबाई म्हणाल्या.

"गुडघा शोधून राहिलो." मग त्यांनी पेन्सिलीचं टोक टेकवलं. "हे मांडीचं हाड. त्याच्या खाली, मोकळ्या जागेत, हा ठिपका दिसला? मसुराएवढा. सातव्यात हा नसतो, आठवा सरता सरता येतो. आणि हा नडगीच्या वरचा, त्याच्याही नंतरचा. सही डॉक्टरीणबाई करतील, पण मला विचाराल तर नऊ भरले. पोर बारीक आहे, कच्चं नाही."

"डाग असेल फिल्मेवर."

"दुसऱ्या गुडघ्यालाही?"

सासूबाईंनी जवळ जाऊन दुसरा गुडघा पाहिला. पुन्हा पेरं मोजली. या वेळी अंगठा ज्येष्ठावर थांबला. परतताना रिक्षात त्यांनी आपली शाल घडी करून माझ्या पाठीशी ठेवली.

आठवड्यानं मुलगी झाली. बारशाला काका आले. "जरा पाय बघू," म्हणाले आणि दोन बोटांत तिचा गुडघा धरून बसले. बाकीचे जेवायला उठले तरी हे उठेनात.

"सूनबाई, तू चौथी पास ना? एक पत्र लिहून दे. माझं अक्षर पाहिलं की तिथून पाकीट तसंच परत येते."

तिथून म्हणजे मझौलीहून. तिथे त्यांची बायको होती. मोहल्ल्यात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आधीच्या मोठ्या लढाईत काका फौजेच्या इस्पितळात होते. ते रजेवर घरी आले त्या दिवसापासून मोजलं तर मूल दीड महिना आधी झालं होतं, आणि तरी गुटगुटीत. काकांनी बोटांवर हिशेब केला आणि बायकोला माहेरीच ठेवलं.

"पुढे रोज फिल्मा बघू लागलो," ते म्हणाले. "आठव्यातली गुबगुबीत दिसली, नवव्यातली काडीसारखी. अंगावरून काही कळत नाही, बेटा. पण तिचा फोटो कोणी काढला नव्हता. आता बघायला काही नाही. न बघताच मानतो."

मी कागद घेऊन बसले. त्यांनी सांगितलं, "लिही, मोजण्यात माझी चूक झाली." मी लिहिलं.

"आता माझ्या पोरीला आशीर्वाद."

"नाव काय तिचं?"

काका पाळण्याकडे बघत राहिले. "मुलगी झाली, गुटगुटीत आहे, एवढंच कळवलं होतं तिकडून. तू 'चि.' लिही अन् पुढे जागा सोड."

मी बोटभर जागा सोडली. काकांनी वाकून पाहिलं.

"अजून सोड," ते म्हणाले. "नाव लांब असलं तर?"