दूरदृष्टीचं कासव

संशोधन संस्थेत भविष्याला रीतसर सुरुवात झाली ती एका सोमवारी, आणि त्याच दिवशी उंदरांचं खाणं बंद झालं.

उंदरांची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली होती. तिथे काम करणाऱ्या संशोधक बाईंना सगळे उंदीरताई म्हणत. त्यांच्या उंदरांना मूत्रपिंडाचा एक चिवट आजार होता आणि ताईंच्या औषधाने त्यातले बरेचसे सुधारत चालले होते. हाच आजार ताईंच्या थोरल्या भावालाही होता. पण दादा माणूस असल्यामुळे त्याचा नंबर उंदरांच्या मागे होता. उंदरांचं अजून एक वर्ष नीट पार पडलं, की मग माणसांवर चाचणी. तोवर डॉक्टरांनी दादाला दिवसाला दोनच पेले पाणी ठरवून दिलं होतं; जास्तीचं पाणी अंगात साठून धाप लागायची.

ताई संचालकांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, उंदरांच्या खाण्याचे पैसे आले नाहीत."

"येणार नाहीत," संचालक समजुतीने म्हणाले. "आधी नव्या समितीला संशोधनाचं भविष्य ठरवू दे. तुम्ही आज काहीतरी शोधून बसाल, आणि उद्या ते योजनेत नसलं म्हणजे पंचाईत."

"पण त्यांना भूक आज लागते."

"बाई, तहान लागल्यावर विहीर खणायची ही सवयच आपल्याला मोडायची आहे."

संध्याकाळी ताईंनी पदरमोड करून उंदरांचं खाणं आणलं.

भविष्य-नियोजन समितीच्या पहिल्या बैठकीत भविष्याची लांबी ठरली, पंचवीस वर्षं. ठराव एकमताने झाला. सर्वांत तरुण सदस्यच सत्तरीला टेकलेले असल्याने पुढे जाब द्यायची भीती कोणालाच नव्हती. दुसऱ्या बैठकीला ताईंना बोलावणं आलं.

"तुमचे उंदीर जगतात किती?" अध्यक्षांनी विचारलं.

"दोन वर्षं. फार तर अडीच."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "आणि योजना पंचवीस वर्षांची. म्हणजे लाभार्थी मुदतीआधीच निघून जाणार."

"म्हणूनच तर उंदीर घेतात, साहेब. निकाल लवकर कळतो."

"घाई," अध्यक्ष म्हणाले आणि सचिवांनी ते लिहून घेतलं. इतिवृत्तात पुढे अशी भर पडली: 'सदर प्राण्यांत दूरदृष्टीचा अभाव दिसून येतो. सबब त्यांच्या जागी दीर्घायुषी प्राण्याचा विचार व्हावा.'

विचार झाला. हत्ती खोलीत मावेना, म्हणून कासव मंजूर झालं. उंदरांची 'नियमानुसार विल्हेवाट' लागली, म्हणजे काय ते ताईंनी विचारलं नाही. त्या दिवशी ताई रिकाम्या पिंजऱ्यांसमोर बसून रडल्या. लोक उगाच म्हणतात की समित्या डोंगर पोखरून उंदीर काढतात. इथे उंदीर होतेच, समितीने ते काढून डोंगर आणून बसवला.

"या कासवावर औषधाचा गुण दिसायला किती काळ लागेल?" अध्यक्षांनी पाहणीच्या वेळी विचारलं.

"आधी त्याला आजार व्हायला हवा. मग तीस-चाळीस वर्षं."

"म्हणजे योजनेच्या काळात अपयश येण्याचा प्रश्नच नाही!" अध्यक्षांना भरून आलं. त्यांनी कासवाच्या पाठीवरून हात फिरवला आणि छायाचित्र काढून घेतलं.

घरी दादा ओला रुमाल ओठांना लावून पडला होता.

"काय म्हणतंय तुझं कासव?"

"मजेत आहे. तुझ्यापेक्षा जास्त पाणी पितं."

"नशीबवान आहे लेकाचं," दादा म्हणाला आणि हसता हसता त्याला धाप लागली.

ती धाप ऐकून ताईंचा धीर सुटला. त्या तडक समितीपुढे गेल्या आणि म्हणाल्या, मला माझे उंदीर परत द्या, माणसं मरताहेत. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आम्ही काय हुकूमशहा आहोत? जनतेलाच विचारू."

प्रत्येक नागरिकाच्या मोबाइलवर प्रश्न गेला: आपल्याला सध्या कोणता आजार आहे? त्यावर तातडीने खर्च व्हावा असं वाटतं का? उत्तरांचा पाऊस पडला. बहुतेकांनी लिहिलं: काही नाही, मी ठणठणीत आहे, घाई नाही. आजारी माणसांची उत्तरं फारशी आलीच नाहीत, कारण ती दवाखान्याच्या रांगेत होती आणि तिथे मोबाइल बंद ठेवा अशी पाटी होती.

"बघा बाई," अध्यक्ष म्हणाले, "कौल स्पष्ट आहे. आजार अल्पमतात आहेत."

ताईंनी हे घरी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. दादाने त्यांना हाताने थांबवलं.

"लोकांवर कशाला चिडतेस? मी धडधाकट होतो तेव्हा मला विचारलं असतं, तर मीही हेच लिहिलं असतं. आहे का गं थोडं पाणी?"

दोन पेले दुपारीच संपले होते. ताईंनी तिसरा भरून दिला. तेवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

दादा वर्ष पुरं व्हायच्या आत गेला. समितीच्या वार्षिक अहवालात त्याची दखल घेतली गेली: 'अहवालकाळात आजारी नागरिकांच्या संख्येत घट झाली असून ठणठणीतांची टक्केवारी सुधारली आहे.' मुखपृष्ठावर कासव होतं.

समितीचा तो प्रश्न आता दरवर्षी मोबाइलवर येतो. तुम्हालाही आला असेल, सकाळी चहा पिता पिता. तुम्ही काय उत्तर दिलंत ते विचारायची गरज नाही. आज तहान लागली तेव्हा पाणी मोजून प्यालात का? नाही ना? मग तुमचं मत कोणत्या बाजूला मोजलं गेलं ते समितीला ठाऊक आहे.