कवळीवाल्यांचा दगडी चेहरा

"या वर्षी मी चहा करणार नाही. या वर्षी मी बसून चहा पिणार! आणि पहिलाच बाद झालो, तर जन्मात पत्त्यांना हात लावणार नाही!"

ही घोषणा कवळीवाल्यांनी इमारतीच्या जिन्यात, तीन मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात केली. कवळीवाले म्हणजे दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या घडवणारे गृहस्थ. वय पन्नास, हात सोन्याचे, जीभ मात्र कायम नशिबाच्या नावाने खडे फोडणारी. इमारतीच्या सभागृहात वर्षातून एकदा, रविवारी दुपारी, पोकरची स्पर्धा व्हायची. पैसा नाही, अडका नाही. शिंपीकाका प्रत्येकाला पन्नास बटणं मोजून द्यायचे, बटणं संपली की माणूस बाद. आणि जो पहिला बाद होईल त्याने कमरेला एप्रन बांधून संध्याकाळपर्यंत सगळ्यांना चहा पाजायचा, असा नियम होता.

नऊ वर्षं तो एप्रन कवळीवाल्यांनीच बांधला होता. त्यांच्या खेळाबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे, पण चहा वर्षागणिक सुधारतोय असं सगळे म्हणत. हे कौतुक त्यांना फार झोंबायचं.

"पानंच येत नाहीत मला! नशीबच फुटकं!" असं ते दर वर्षी किटली घासताना म्हणायचे.

या वर्षी मात्र त्यांना गुरुकिल्ली सापडली होती. फोनवर एका व्यावसायिक पोकर खेळाडूचं तासाभराचं भाषण होतं: 'नशीब वाईट असूनही आम्ही कसे जिंकतो'. कवळीवाल्यांनी ते कामावर, साच्यात प्लास्टर ओतून झाल्यावर लावलं. खेळाडू म्हणाला, "तुम्हाला वाटतं की आमचं सगळं यश चेहऱ्यात असतं. पानं कशीही येवोत, चेहरा दगडासारखा..." तेवढ्यात प्लास्टर घट्ट झालं. प्लास्टर काही कोणासाठी थांबत नाही. कवळीवाल्यांनी फोन बंद केला आणि साचा उघडला. पण हवं ते मिळालं होतं. चेहरा! इतकं सोपं!

स्पर्धेला पंधरा दिवस होते. त्यांनी त्या क्षणापासून सराव सुरू केला. दवाखान्यात एका आजोबांची नवी कवळी शिंकेसरशी उडून थेट डॉक्टरांच्या खिशात पडली. नर्स हसून हसून भिंतीला टेकली. कवळीवाले ढिम्म!

घरी बायको म्हणाली, "अहो, आमटीत मीठ दोनदा पडलंय बहुतेक."

कवळीवाल्यांनी वाटी संपवली. चेहऱ्यावर रेष नाही.

तिने दोन दिवस वाट पाहिली आणि मग मुद्दामच म्हणाली, "तुमचा तो जुना रेडिओ मी भंगारात देऊन टाकला."

त्या रेडिओवरून या घरात वीस वर्षं भांडणं झाली होती. कवळीवाल्यांच्या मस्तकात तिडीक गेली, पण चेहरा? संगमरवर! ते उठले, हात धुतले आणि आत जाऊन पडले. (रेडिओ पलंगाखाली सुखरूप होता.) बायकोने घाबरून नणंदेला फोन लावला.

"ताई, हे भांडलेसुद्धा नाहीत हो!"

"अगं बाई!" ताई किंचाळली. "लहानपणी तापाने फणफणलेला असतानासुद्धा भांडायचा तो. काहीतरी लपवतोय. खिसे बघ त्याचे!"

खिशात चिठ्ठी निघाली. कवळीवाल्यांनी स्वतःला बजावण्यासाठी लिहिलेली: 'रविवारपर्यंत कसाही धीर धरायचा. चेहऱ्यावरून कोणाला काही कळता कामा नये. मग सुटलोच.'

बायकोने ती ताईला फोनवर वाचून दाखवली. ताईने दवाखान्यात फोन केला. दातांचे डॉक्टर म्हणाले, "माझ्याही लक्षात आलंय. कवळी माझ्या खिशात पडली तरी हा माणूस हसला नाही!" संध्याकाळपर्यंत गोष्ट शिंपीकाकांकडे पोचली, आणि शिंपीकाकांकडे पोचली म्हणजे सगळ्या इमारतीत पोचलीच. कवळीवाल्यांना काहीतरी मोठं दुखणं झालंय आणि त्यांना काहीही विचारायचं नाही, असं ठरलं. बिचारे हसतमुखाने, नाही, दगडमुखाने सोसताहेत, तर सोसू द्यावं. पण यंदाची स्पर्धा त्यांना जिंकू द्यायची!

रविवार उजाडला. सभागृहात बारा खुर्च्या, मधोमध टेबल, कवळीवाल्यांच्या उजव्या हाताला बायकोने खास ठेवलेली बिस्किटांची ताटली. खेळ सोपा असतो. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मधे पाच पानं उघडी, ज्याची जुळणी भारी त्याची बटणं. पानं पसंत नसली तर 'पॅक' म्हणून टाकून द्यायची; समोरच्याचा दम खोटा वाटला तर 'बघू' म्हणून तेवढीच बटणं लावायची.

पहिल्याच डावात कवळीवाल्यांनी वीस बटणं पुढे सरकवली.

"पॅक," शिंपीकाका म्हणाले. त्यांच्या हातात दोन एक्के होते. त्यांनी ते छातीशी धरले, एकदा डोळे मिटले आणि उपडे टाकून दिले.

"पॅक!" डॉक्टर. "पॅक," दुसऱ्या मजल्यावरचे ड्रायव्हरसाहेब, नाक पुसत.

कवळीवाल्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. डोळे ओले, ओठ थरथरताहेत. घाबरले लेकाचे! केवढी ताकद आहे या चेहऱ्यात! अर्ध्या तासात शिंपीकाकांनी जाणूनबुजून सगळी बटणं घालवली आणि स्वतःच्या हाताने एप्रन बांधला. ते पाहून कवळीवाल्यांना इतका आनंद झाला की तो दाबता दाबता कान लाल झाले. ती लाली बघून, खेळ बघायला आलेल्या ताईने डोळ्याला पदर लावला.

पाच वाजता टेबलाशी दोघंच उरली. कवळीवाले, आणि तळमजल्यावरच्या सुईणबाई.

सुईणबाई निवृत्त झाल्या त्यालाही दहा वर्षं झाली होती. बाई बोलायच्या कमी, बघायच्या फार. दुपारभर त्यांना पानं आली ती सगळी भंगार. त्या बघायच्या, टाकायच्या, पुढची उचलायच्या. हू नाही की चू नाही. एकदाच राण्यांची जोडी आली, तर कवळीवाल्यांच्या सत्ती-दुर्रीला शेवटच्या पानावर तिसरी सत्ती लागली आणि बाईंची निम्मी बटणं गेली.

"होतं असं," बाई म्हणाल्या आणि पानं पिसायला घेतली.

आता कवळीवाल्यांसमोर बटणांचा डोंगर आणि बाईंसमोर जेमतेम एका सदऱ्यापुरती बटणं! आणि मग काय झालं कोण जाणे. कवळीवाल्यांकडे राजांची जोडी आली की बाई 'पॅक' म्हणायच्या. कवळीवाले फुसक्या पानांवर दम देऊन बसले की बाई म्हणायच्या, "बघू." बाईंची बटणं दुप्पट झाली, चौपट झाली, डोंगर टेबलाच्या पलीकडे सरकला. शेवटी कवळीवाल्यांकडे अठ्ठी-तिर्री आली. त्यांनी चेहरा असा काही आवळला की साच्यातलं प्लास्टरही लाजलं असतं, आणि उरलेली सगळी बटणं पुढे लोटली.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ताटलीकडे पाहिलं.

"बघू," त्या म्हणाल्या आणि चौकीची जोडी उघडली. नुसती चौकीची जोडी! पण तीही पुरली.

पंधरा दिवसांचा बांध फुटला. "नशीबच फुटकं माझं!" कवळीवाले टेबलावर हात आपटून ओरडले. "खारट आमटी गिळली! रेडिओ गेला! आणि चौकीने मारलं मला, चौकीने!"

"अहो, चिडलात!" बायको धावत आली. ती हसत होती की रडत होती हे तिचं तिलाही कळत नव्हतं. "बरे आहात ना? खरं सांगा, काय झालंय तुम्हाला?"

"मला? मला काय धाड भरलीय?"

चिठ्ठी निघाली. खुलासा झाला.

"माझे दोन एक्के!" शिंपीकाका इतक्या जोरात ओरडले की किटलीचं झाकण हललं.

"आणि मी दोन राजे टाकले असते की हो, आले असते तर!" डॉक्टर म्हणाले.

"पण सुईणबाई, तुम्हाला दया नाही आली?" ताईने विचारलं.

"दया कशाला? एकवीस बिस्किटं खाल्ली त्याने. आजारी माणूस इतकं खातो होय?" बाई कवळीवाल्यांकडे वळल्या. "अरे, पानं चांगली आली की तुझा हात ताटलीपाशी थांबतो. भंगार आली की बिस्कीट तोंडात. चेहऱ्याकडे बघतंय कोण! वाईट पानं मलाही आली, तुझ्याहून जास्त आली. मी ती थोडक्या बटणांत सोडली, एवढंच."

कवळीवाल्यांचा चेहरा पडला. "म्हणजे पत्ते सोडूनच द्यावेत मी."

"पत्ते नको सोडूस, बाबा. बिस्किटं सोड."

शिंपीकाकांनी एप्रन काढला आणि कवळीवाल्यांच्या कमरेला बांधला. गाठ त्यांनी जरा जास्तच घट्ट मारली. चहा नेहमीसारखा फक्कड झाला.

कप विसळताना कवळीवाल्यांनी फोन नळाशेजारी उभा केला आणि ते भाषण, जिथे थांबवलं होतं तिथून पुढे लावलं.

"...पानं कशीही येवोत, चेहरा दगडासारखा ठेवला की झालं, असं नवशिक्यांना वाटतं," तो खेळाडू हसून म्हणाला. "ते आधी डोक्यातून काढून टाका."