एकच मासा, दोन पदव्या

उत्तनच्या फ्लेव्हियाने मत्स्यविज्ञानात पदव्युत्तर पदवी घेतली, ती कुणाला त्रास द्यावा म्हणून नव्हे. वडील डॉमनिक यांची बोट होती, मासळीत वाढलेल्या मुलीला मासळी शिकवायची होती, इतकंच. भाईंदरच्या एका प्रशिक्षण केंद्रात मत्स्यशास्त्राच्या अध्यापिकेची जागा निघाली, तेव्हा तिने अर्ज केला.

छाननी अधिकारी गुणवंत साहेबांनी तिची पदवी उजेडात धरली.

"मॅडम, जागा मत्स्यशास्त्राची आहे. तुमचं मत्स्यविज्ञान."

"सर, एकच आहे ते. मासे तेच आहेत."

"माशांना आमचा आक्षेप नाही. समकक्षता समितीकडे जा."

समितीने गांभीर्याने विचार केला. विषय एकच असते, तर नावं दोन कशाला असती? सबब ते भिन्न ठरले.

फ्लेव्हिया हट्टी होती. तिने मत्स्यशास्त्राला प्रवेश घेतला. पुस्तकं तीच, प्राध्यापक तेच, त्यांचे विनोदही तेच.

"मासा बदलला न्हाय, मग परत काय शिकते?" डॉमनिकनी विचारलं.

"नाव शिकतेय, पप्पा."

दुसरी पदवी घेऊन ती पुन्हा हजर झाली. साहेबांनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि त्यांचा चेहरा पडला.

"अभ्यासक्रम तर एकच आहे! एका विषयात दोनदा पदवी चालत नाही. नंतरची बाद."

"मग पहिली धरा!"

"ती विज्ञानाची. भिन्न विषय."

"सर, हे विषय एक तरी असतील, नाहीतर वेगळे तरी!"

"अर्ज करताना वेगळे असतात," साहेब समजुतीने म्हणाले, "पदव्या मोजताना एक."

फ्लेव्हिया इतकी ओरडली, की पलीकडच्या दालनात बसलेली समिती बाहेर आली. चौकशीत निष्पन्न झालं, की दोन्ही विषय शिकलेली व्यक्ती दुसरी कुणीच नाही. अध्यापनास अपात्र ठरलेल्या फ्लेव्हियाची समितीवर तज्ज्ञ म्हणून तत्काळ नेमणूक झाली. केबिन मिळाली, गाडी मिळाली.

"आता तरी सांग, फरक काय हाय?" डॉमनिकनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग तसं सांग ना त्यांना!"

फ्लेव्हियाने केबिनचं दार लावून घेतलं.

"पप्पा, तसं सांगितलं तर समितीच बरखास्त होईल."

वाचकहो, हे वाचून आपला संताप झाला असेल, तर अवश्य आवाज उठवा. फक्त त्याआधी आपल्या पदवीवरचं विषयाचं नाव एकदा नीट वाचून घ्या. समितीची कार्यकक्षा वाढली आहे, आणि फ्लेव्हिया मॅडमनी परवाच तुमच्या विषयाची फाइल मागवली.