दोन डाव्या बाह्यांचा संग्राम

सुई जिची अणकुचीदार, दोरा जिचा अखंड, आणि जीभ जिची या दोहोंहून तिखट, त्या काजबटण-धुरंधर, शिलाई-दौलतीच्या आधारस्तंभ थोर बाईसाहेबांच्या सेवेसी आज्ञाधारक बखरकाराचा मुजरा. विनंती ऐसी जे, दुकानी जो तुंबळ संग्राम माजला आणि बाईसाहेबांनी तो रक्ताचा थेंब न सांडता कैसा मोडिला, हे वर्तमान लिहोन ठेवावे ऐसा चार गिऱ्हाइकांचा आग्रह पडला. बखरकार रणांगणी जातीने हजर होता, कारण त्याची विजार तेथे अडकोन पडली होती. सबब जे डोळां देखिले तेच लिहिले. पदरचे तिखटमीठ घातले ते चवीपुरते.

दौलत म्हणावी तर एक खोली. दर्शनी काच, आत कापड बेतण्याचे लांबलचक टेबल, दोन भिंतींशी दोन मशिनी, खिडकीपाशी बाईसाहेबांची मसनद, म्हणजे एक खुर्ची आणि तीवर चेपलेली उशी, आणि वर भिंतीस ठोकलेला टीव्ही. बाईसाहेबांचे यजमान मास्तर हे कात्रीचे सुभेदार. कापड आखणे आणि कापणे हा त्यांचा अंमल. बाईसाहेबांचे धाकटे बंधू हे मशिनीचे सरदार. मास्तरांनी कापावे आणि यांनी जोडावे. बंधूंचे वय पन्नाशीस टेकले, डोईचे केस परागंदा जाहले, तरी बाईसाहेब त्यांस 'बाळ्या' म्हणत आणि ते मुकाट ओ देत. बखरीचा आब राखावा म्हणोन त्यांस आम्ही बाळोजीराव लिहितो. काजे, बटणे, हुक आणि हातशिलाई हे खाते खासा बाईसाहेबांकडे.

आणि या दौलतीत एक रिवाज पहिल्या दिवसापासोन चालत आला होता. मास्तरांनी कापड दुहेरी घालावे, बाहीवर कात्री चालवावी, मग वरचा तुकडा उचलोन पुकारावे, "डावी!" आणि बाळोजीरावांनी खालचा उचलोन जाब द्यावा, "उजवी!" मग दोघांनी दोन्ही तुकडे समोरासमोर धरोन पाहावे आणि मगच मशीन सुरू व्हावी. नव्या गिऱ्हाइकास हा पोरखेळ वाटे आणि ते हसे. परंतु इतक्या वर्षांत त्या दुकानाची एक बाही चुकली नव्हती.

ऐसे सुख असता दूरदेशी, जो देश नकाशावर दाखवा म्हटले तर मास्तरांचे बोट समुद्रात बुडे आणि बाळोजीरावांचे बर्फात रुते, तेथे एका नदीवरून दोन राज्यांत लढाई पेटली. टीव्हीवर अष्टौप्रहर तोफा धडधडू लागल्या. मास्तरांनी नदीअलीकडच्यांचा पक्ष घेतला, कारण त्यांच्या सेनापतीची कॉलर मानेस चोख बसली होती, आणि ज्याची कॉलर सरळ त्याची नियत सरळ हे मास्तरांचे शास्त्र. बाळोजीरावांनी पलीकडच्यांचा पक्ष घेतला, कारण मास्तरांनी अलीकडच्यांचा घेतला होता. आरंभी ही थट्टाच होती. मग थट्टेची मस्करी, मस्करीची कुस्करी जाहली, आणि एके दिवशी चहाच्या वक्तास बाळोजीराव कडाडले, "भावोजी, तुमचे लोक घरांवर बॉम्ब टाकतात!" त्यावर मास्तरांनी कात्री आपटली आणि उत्तर फेकले, "आणि तुमचे काय रे, फुलं टाकतात?" मास्तरांनी उभ्या आयुष्यात बसथांब्यापलीकडे एक माणूस धाडला नव्हता, तरी त्या दिवसापासोन सारी फौज 'तुमची' आणि 'आमची' जाहली.

मग काय विचारता! मास्तरांनी टेबलाच्या बरोब्बर मध्ये खडूने सरहद्द आखली आणि जाहीर केले जे, अलीकडचा मुलूख कात्रीचा, पलीकडचा इस्त्रीचा, आणि आगळीक करील त्याची गय होणार नाही. बाळोजीरावांनी इस्त्री आपल्या हद्दीत ओढोन घेतली आणि नाकेबंदी केली. कामाचे बोलणे बंद पडले, उरले ते भांडण. पुकारा बंद पडला. गिऱ्हाईक माप द्यावयास आले की त्यास आधी पुसले जाई, तुम्ही कोणीकडचे? एक भला माणूस घाबरोन म्हणाला, मी मागच्या गल्लीतला. तर दोन्ही पक्ष त्यावर तुटोन पडले, म्हणाले, ऐशा बेफिकीर लोकांपायीच जग बुडते.

अखेर बाळोजीरावांनी फर्मान काढले जे, येत्या रविवारी आपण आपली मशीन उचलोन बसथांब्यापाशी गाळा घेणार, आणि पुन्हा भावोजींचे तोंड पाहणार नाही. मास्तरांनी तोंड फिरवोन कळविले, खुशाल जावे, दार उघडेच आहे.

हे ऐकोन बाईसाहेबांची सुई थांबली. आईबापांच्या माघारी या भावास त्यांनी हाताशी धरोन आणिले, सुईत दोरा ओवण्यास शिकविले, आणि मास्तरांनी त्यास पोटच्या पोरासारखे मशिनीवर बसविले. आता कोणा परक्या नदीपायी तोच भाऊ परका होणार आणि नवरा एका टेबलाशी एकटा कुढत बसणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढोन हलेना. भाकरी गोड लागेना की झोप येईना.

तशात दोन्ही छावण्यांकडून त्यांस एकच सवाल आला, तू कोणाच्या बाजूची? बाईसाहेबांनी दोरा दाताने तोडला आणि दरबारात सांगितले, "मी कुणाच्याच बाजूची नाही. लढाई थांबली पाहिजे, ही माझी बाजू." झाले! आजवर ज्यांचे एका गोष्टीवर एकमत होत नव्हते त्यांचे तात्काळ एकमत जाहले जे, बाई फितूर आहे. मास्तर म्हणाले, हे पळपुटेपण. बाळोजीराव म्हणाले, "ताई, तळ्यात की मळ्यात ते एकदा ठरव." एका गिऱ्हाइकाने शेरा मारला, बायकांना राजकारण कळत नाही, त्याचा पायजमा त्याच वक्तास नाडीविना परत गेला.

मग बाईसाहेबांनी हत्यार खाली ठेविले. म्हणजे सुई पिनकुशनीत खोचली आणि ताकीद दिली जे, या खोलीत युद्ध चालू आहे तोवर काज नाही, बटण नाही, हुक नाही आणि चहाही नाही. हा वार वर्मी लागला. शर्ट शिवोन तयार, पण पुढोन सताड उघडे. कोट तयार, पण मिटेनात. थोर थोर लोक टाचण्या लावोन हिंडू लागले. बखरकाराची विजार हुकाविना खुंटीवर लटकली, आणि तो दुसरी विजार एका हाताने सावरीत रोज दुकानी येई आणि हे सारे पाही. चहाविना दोन्ही सरदारांचे चेहरे उतरले, परंतु माघार कोणी घेईना. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हाच.

त्यातच एके दुपारी टीव्हीवर एक पोर दिसली. सहासात वर्षांची असेल. पडक्या भिंतीपाशी उभी, अंगात कोणा थोराचा कोट, आणि बाह्या हातांखाली लोंबत होत्या, बोटेही दिसत नव्हती. मास्तर ओरडले, बघा, आमची पोर, तुमच्यांनी काय दशा केली! बाळोजीराव गरजले, डोळे तपासा, ती आमची! टीव्हीचा आवाज बंद होता, त्यामुळे पोर कोणाची हे कळण्यास मार्ग नव्हता, आणि दोघे मशिनीवर मुठी आपटोन भांडू लागले. बाईसाहेब त्या बाह्यांकडे पाहत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांस पाणी आले, आणि राग आला तो त्याहून मोठा.

या सर्व रणधुमाळीत एक काळा कोट शिवणे चालू होते. कोट एका नव्या वकीलबाईंचा. दुसरे दिवशी त्यांचा पहिला खटला, आणि अंगावर कोट नसेल तर न्यायाधीश उभे करणार नाहीत. या कोटापुरता बाईसाहेबांनी आपला नेम मोडिला आणि बटणे लावोन दिली. पोरीचा पहिला दिवस आहे, त्यात युद्धाचा काय संबंध, म्हणाल्या. सांजच्या वक्तास वकीलबाई आल्या, कोट अंगात घातला, आणि आरशापुढे उभ्या राहिल्या. डावा हात तलवारीसारखा सरळ. उजवा हात मात्र मागे मागे जाऊ लागला. त्यांनी पुढे ओढिला, तो कोपरातोन उलटा वळोन परत पाठीशी गेला, जणू कोणी अदृश्य शिपाई त्यांस मुसक्या बांधोन नेत होता. वकीलबाई रडकुंडीस आल्या. "काका, मी असा हात करून न्यायाधीशांसमोर काय बोलू?"

बाईसाहेबांनी कोट हाती घेतला, बाह्या उलटसुलट पाहिल्या, आणि सारा प्रकार ध्यानी आला. दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

मग तेथेच चौकशी बसली. बाईसाहेबांनी मास्तरांस पुसले, "अहो, हे काय केलंत?"

मास्तर खडूकडे पाहोन म्हणाले, "कापड दुहेरी घालायला जागा कुठे होती? अर्धं टेबल त्याचं. एकेरी घालून दोनदा कापलं." आणि दुसरे वेळी बाहीचा कागदी बेत पालथा घालावयाचा राहिला, कारण "डावी" म्हटल्यावर "उजवी" म्हणणारे कोणी नव्हते.

मग बाईसाहेब भावाकडे वळल्या. "बाळ्या, तुला शिवताना दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"मी बोलत नाही त्यांच्याशी."

हे ऐकोन बखरकार हसला, त्याची विजार हातची निसटता निसटता राहिली. परंतु बाळोजीरावांनी अपमान मानोन स्क्रू-ड्रायव्हर उचलला, रविवारची वाट कशास पाहावी म्हणोन तेथेच मशिनीचे स्क्रू काढू लागले. आणि मास्तर, ज्यांनी ती मशीन त्यांस स्वहस्ते बसवोन दिली होती, भिंतीकडे तोंड करोन उभे राहिले. दुसरा स्क्रू निघाला. ते समयी बाईसाहेबांचा धीर सुटला. त्या उठल्या, पदर खोचला, ओला फडका घेतला आणि टेबलावरील सरहद्द या टोकापासोन त्या टोकापर्यंत पुसोन काढिली. मग दोघांस सुनावले, ते शब्द बजिन्नस ऐसे:

"तिथे तोफा आहेत म्हणून माणसं मरतात. तुमच्याकडे नुसता खडू होता, तर एवढं केलंत. तोफ असती तर काय केलं असतंत रे? मला विचारता कुणाच्या बाजूची. त्या पोरीच्या बाजूची आहे मी! आणि या पोरीच्या, जिला उद्या उभं राहायचंय. आता कापड पसरा."

दुकानात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आणि एक पडलीही, बखरकाराच्या कमरेची.

बाईसाहेबांनी कोटाच्या दोन्ही बाह्या उसवोन टेबलाशी ठेविल्या. उरलेले कापड वेडेवाकडे. सारे टेबल भरोन पसरावे आणि एकाने ताणोन धरावे, तरच त्यातोन एक बाही निघेल, ऐसी अवस्था. मास्तरांनी एक टोक धरिले. दुसरे टोक लोंबत राहिले. बाळोजीरावांनी ते पाहिले, स्क्रू-ड्रायव्हर पाहिला, बहिणीचे तोंड पाहिले. मग स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला आणि दुसरे टोक धरोन ताणिले. मास्तरांनी बेत पालथा घातला, खडू फिरविला, मग कात्री चालली. कात्री थांबली तरी मास्तर तुकडा उचलीनात. उसवलेल्या दोहोंतोन एक बाही हाती धरोन घोटाळले, घसा खाकरला, आणि अगदी हळू म्हणाले, "डावी."

बाईसाहेबांनी श्वास रोखोन धरिला.

"उजवी, भावोजी," बाळोजीराव म्हणाले, आणि नवा तुकडा उचलोन समोर धरिला. दोन्ही बाह्या समोरासमोर जुळल्या. आवाज दोघांचाही घोगरा येत होता, त्याचा दोष दोघांनी कापडाच्या धुळीस दिला.

मग मशिनीचे स्क्रू पुन्हा बसले, दोन्ही बाह्या चढल्या, आणि वकीलबाईंनी उजवा हात पुढे करोन आरशात स्वतःस हरकत घेऊन पाहिली. हरकत मंजूर जाहली. बाईसाहेबांनी चहा टाकला. चहा पिता पिता टीव्हीवर ती लोंबत्या बाह्यांची पोर पुन्हा दिसली. दोन्ही सरदारांनी माना वर केल्या. पोर कोणाची हे या खेपेस कोणी बोलले नाही. मास्तर बराच वेळ पाहोन म्हणाले, "चार बोटं दुमडायला पाहिजे." बाळोजीराव म्हणाले, "पाच. खांदापण उतरलाय." या मुद्द्यावर उभयतांत मतभेद राहिला, परंतु कप फुटले नाहीत. बाईसाहेबांनी पदराने डोळे पुसले आणि सुई हाती घेतली.

येणेप्रमाणे तह ठरला जे, टेबल अखंड राहावे, पुकारा रोज व्हावा, आणि जी डावी बाही उरली ती टीव्हीखाली खिळ्यास निशाण म्हणोन टांगावी. इतःपर जो कोणी दुकानात 'आमचे' आणि 'तुमचे' करील, त्याने आपला उजवा हात त्या डाव्या बाहीत घालावा आणि त्या हाताने चहा पिऊन दाखवावा. आजपर्यंत तिघांनी प्रयत्न केला, त्यांचे शर्ट धुण्यास गेले आहेत.

फत्ते बाईसाहेबांची जाहली, ती दस्तऐवजी नमूद करितो. जिंकलेला मुलूख: अर्धे टेबल, तेही आपलेच. शत्रूकडील पडले: कोणी नाही. आपल्याकडील पडले: कोणी नाही. बखरकाराच्या विजारीस हुक लागला. दूरदेशीची लढाई मात्र चालू आहे, बाईसाहेबांचे फर्मान तेथवर पोचले नाही. त्या पोरीच्या बाह्या दुमडणे राहिले आहे. हे लिहोन ठेविले, कारण कोणीतरी ते काम करावयाचे आहे.