एकोणीसने केलेला घात

"आकडा पाठ करायचाच नाही!" मास्तर छातीठोकपणे म्हणाले. "पाच अंकी सर्वांत मोठी मूळ संख्या. एवढं लक्षात ठेव. मी काल तोच आकडा लावलाय. विसरलीस तर शोधून काढायचा. बाहेर ये, दाखवतो!"

गणिताच्या मास्तरांनी दाराला कालच आकड्यांचं कुलूप बसवलं होतं. बायको हात पुसत बाहेर आली, वारा आला, आणि दार धाडकन लागलं!

"अहो, गॅसवर दूध आहे! छकुली आत एकटी रांगतेय!"

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. आकडा काही केल्या आठवेना! नऊ, नऊ, नऊ... पुढे काय? तीनदा चुकलं की कुलूप तासभर उघडत नाही, हे मात्र लख्ख आठवलं.

"शोधा ना मग!" बायको रडकुंडीला आली.

खिशातल्या खडूने त्यांनी दारावरच भागाकार मांडले. "९९९९९ ला तीनने भाग जातो, बाद! ९९९९७... सातने नाही, अकराने नाही, तेराने नाही, सतराने नाही, एकोणीसने... गेला! बाकी शून्य! बाद!"

आतून करपल्याचा वास आला, पाठोपाठ छकुलीचं रडणंही ऐकू आलं. "दूध उतू जाऊन गॅस विझला तर?" शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या. मास्तरांना घाम फुटला.

"९९९९५ पाचाने, ९९९९३ तीनने. राहिली ९९९९१. हीच!" त्यांनी बटणं दाबली.

लाल दिवा!

"बोट घसरलं असेल." पुन्हा तेच दाबलं. पुन्हा लाल!

छकुलीचं रडणं एकदम थांबलं. ती रडत होती तेव्हा बरं होतं. आता मास्तरांनी दाराला कान लावला. "अगं, गणित बरोबर आहे गं! देवाशपथ बरोबर आहे!"

बायकोने डोळे पुसले. "काल आकडा लावताना कितीपर्यंत भागून बघितलंत?"

"सगळं बघि... सतरापर्यंत. मग तू जेवायला हाक मारलीस."

"आणि जेवून आल्यावर?"

मास्तरांनी खडू हळूच खिशात टाकला. बायकोने त्यांना कोपराने बाजूला सारलं आणि दाबलं ९९९९७.

हिरवा दिवा!

तिने धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. दूध पार कोळसा झालं होतं. छकुली मात्र कोपऱ्यात बसून मास्तरांची चप्पल मन लावून चघळत होती. मास्तरांनी तिला असं कवटाळलं, की तिने पुन्हा भोकाड पसरलं. त्या आवाजाने त्यांच्या जिवात जीव आला.

बायको कुलपापाशी गेली आणि तिने नवा आकडा लावला. पाच वेळा एक.

१११११! ह्याला तर चक्क एक्केचाळीसने भाग जातो! मास्तरांच्या हे क्षणात ध्यानात आलं. त्यांनी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं, आणि छकुलीच्या हातातली चप्पल मुकाट्याने पायात घातली.